जीर्ण वाहनाचे उत्तरकार्य

तंजावरच्या जुन्या शहरात चार राजवीथी आहेत. पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशी त्यांची साधी नावे. चोळांच्या, नायकांच्या आणि मराठ्यांच्या अमदानीत देवाचे उत्सव याच शहरात गाजले. आणि २९ एप्रिल २०१५ रोजी याच वीथींतून बृहदीश्वराचा रथ निघाला, तेव्हा दोर ओढण्यासाठी लोटलेल्या समुदायात असा सोहळा पूर्वी पाहिलेला माणूस बहुधा एकही नव्हता. सुमारे शंभर वर्षे तंजावरच्या मोठ्या देवळाला रथ नव्हता. जुना रथ जीर्ण झाला, चालेनासा झाला, आणि त्याच्या जागी नवा झाला नाही. देऊळ १०१० साली राजराज चोळाने पुरे केले. ते दगडाचे होते म्हणून हजार वर्षे टिकले. रथ लाकडाचा. लाकडाचे आयुष्य निराळे.

वाहन कोणतेही असो, देवाचा रथ असो, राजाची पालखी असो किंवा सामान्य गृहस्थाची मोटार असो, त्याला जन्म असतो तसा अंतही असतो. जन्माचा थाट सर्वांना ठाऊक आहे. नव्या गाडीला हार घालतात, नारळ फोडतात. अंताविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. गाडी एके दिवशी बंद पडते, अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहते, तिच्या चाकांतली हवा जाते, आणि मग एखाद्या दुपारी भंगारवाला येऊन ती ओढून नेतो. धन्याला वाटते, प्रकरण मिटले. खरे म्हणजे ते तेथे मिटत नाही. वाहन मोडीत काढणे ही एक विधिपूर्वक करावयाची गोष्ट आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते आणि आजचा कायदाही तेच सांगतो. या दोहोंच्या मध्ये एक असा काळ होऊन गेला की, ज्या वेळी विधी बाजूला सारून केवळ बळाने वस्तू ताब्यात घेतल्या गेल्या. या तिन्ही गोष्टींचे धागे तंजावरात एकत्र येतात.

प्रथम रथाचा विचार करू. तमिळ भाषेत रथाला ‘तेर’ म्हणतात. त्याचा खालचा भाग जाड लाकडाचा आणि कोरीव कामाने भरलेला असतो. हे लाकूड बहुधा इलुप्पै म्हणजे आपल्या मोहाच्या जातीच्या झाडाचे. वरचा शिखरासारखा भाग उत्सवाच्या वेळी बांबू आणि रंगीत कापड यांनी उभारतात. दोर ओढणारे हजारो असले तरी रथाची दिशा आणि वेग मूठभर माणसांच्या हाती असतो. ते चाकांखाली लाकडी पाचरी सारून त्याला वळवतात आणि थांबवतात. पाचर चुकली तर एवढा डोलारा आवरण्याची सोय नसते. म्हणून रथ जीर्ण झाला आहे की नाही, हा प्रश्न श्रद्धेचा असतो तितकाच रस्त्यावरच्या माणसांच्या जिवाचाही असतो. २७ एप्रिल २०२२ रोजी पहाटे तंजावरजवळच्या कळिमेडू गावी उत्सवाच्या रथाचा स्पर्श उच्च दाबाच्या वीजवाहक तारेला झाला आणि ११ माणसे प्राणास मुकली. तेथे दोष रथाच्या वयाचा नव्हता. परंतु सार्वजनिक रस्त्यावर आलेले वाहन हे केवळ त्याच्या मालकाचे राहत नाही, ही गोष्ट त्या पहाटेने फार दुःखद रीतीने पटवून दिली.

जीर्ण झालेल्या देववस्तूचे काय करावे, याचा विचार आपल्या शास्त्रग्रंथांनी तपशिलाने केला आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा एक स्वतंत्र अध्याय आहे. लाकडी मूर्ती जीर्ण झाली तर ती अग्नीच्या स्वाधीन करावी, पाषाणाची असेल तर पाण्यात सोडावी, धातूची अथवा रत्नाची असेल तर खोल पाण्यात किंवा समुद्रात विसर्जित करावी, असा तेथील आशय आहे. ही मूर्ती वाहनावर ठेवून आणि वस्त्राने झाकून न्यावी, आणि तेवढ्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती त्याच दिवशी स्थापन करावी, असेही तो ग्रंथ सांगतो. यातील धार्मिक भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहाराच्या तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. वस्तू ज्या द्रव्याची असेल त्या द्रव्याला योग्य अशी तिची विल्हेवाट लावावी. ती विल्हेवाट उघड आणि विधिपूर्वक व्हावी. जुन्याचा शेवट आणि नव्याचा आरंभ यांच्यात कोणाला संशय घेता येईल असे अंतर राहू नये. पुढे वाचताना ध्यानात येईल की, एकविसाव्या शतकातील नियमांनीही जवळजवळ हेच तीन दंडक घातले आहेत.

रथ नाहीसा होणे आणि पुन्हा उभा राहणे याचे दुसरे उदाहरण तंजावरच्या पूर्वेस तिरुवारूर येथे आहे. तिरुवारूर हे मराठी राज्यात होते आणि पुढे कित्येक वर्षे तंजावर जिल्ह्यात होते. तेथील त्यागराजस्वामींचा रथ तमिळ देशातील सर्वांत मोठ्या रथांपैकी एक गणला जातो. १९२६ साली तो आगीत जळाला. १९३० साली नवा रथ तयार झाला. पुढे त्याला लोखंडी आस आणि पाण्याच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवले, तेही तिरुचिरापल्लीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कारखान्याने. जुना रथ गेला, नवा झाला, आणि नव्याला काळाला अनुरूप अशी सुरक्षितता मिळाली. तिरुवारूरला चार वर्षांत साधले ते तंजावरला शंभर वर्षे साधले नाही.

आता दुसऱ्या काळाकडे वळावयाचे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी स्थापन केलेले तंजावरचे मराठी राज्य १७९९ च्या तहाने कंपनी सरकारच्या हाती गेले. सरफोजी राजांकडे किल्ला आणि मानमरातब एवढेच उरले. तरीही याच राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. त्यांचे पुत्र शिवाजी राजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी मागे पुत्र न ठेवता वारले. कंपनीच्या संचालकांनी राज्य संपुष्टात आल्याचा निर्णय दिला. आणि १८ ऑक्टोबर १८५६ रोजी कमिशनर फोर्ब्स यांनी सैन्यासह येऊन राजवाड्यातील मालमत्ता ताब्यात घेतली. राज्याची मालमत्ता कोणती आणि राजांची खाजगी कोणती, हा भेद त्या दिवशी कोणी केला नाही. कोणाला नोटीस नाही, कोणाचे म्हणणे ऐकून घेतले नाही. दारांवर मोहरा लागल्या आणि पहारे बसले.

ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. खाजगी मालमत्तेवर वारसांचा हक्क आहे, हे त्यांचे म्हणणे. मद्रासच्या कोर्टाने राणीच्या बाजूने निकाल दिला. परंतु लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ साली तो फिरवला. लॉर्ड किंग्जडाउन यांच्या निकालाचे सार असे की, ही जप्ती कायद्याच्या आधाराने केलेली नव्हती, ती एका सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेली राजकीय कृती होती. आणि अशी कृती न्याय्य होती की अन्याय्य, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही दिवाणी न्यायालयाला नाही. अन्याय झाला असेल, परंतु त्यावर उपाय न्यायालयापाशी नाही, असा त्याचा अर्थ होता. ‘अ‍ॅक्ट ऑफ स्टेट’ या तत्त्वाच्या चर्चेत हा तंजावरचा खटला अद्यापि उद्धृत केला जातो. पुढे १८६२ साली सरकारने ही मालमत्ता राण्यांच्या स्वाधीन केली. मात्र हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

नागपुरात याच्या दोनच वर्षे आधी असेच घडले होते. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले, राज्य खालसा झाले, आणि १८५४ साली सीताबर्डीवर राजवाड्यातील हत्ती, घोडे आणि बैल यांचा लिलाव पुकारला गेला. राजाची वाहने म्हणजे ही जनावरेच. म्हाताऱ्या बांकाबाईंनी विरोध केला, पण लिलाव थांबला नाही. ज्या हत्तींवरून दसऱ्याची मिरवणूक निघे ते हातोड्याच्या एका ठोक्यासरशी दुसऱ्याचे झाले. कागदोपत्री सारे बिनचूक असेल. पण जिची वस्तू तिला विचारावयाचे असते, ही साधी गोष्ट त्या कागदांत नव्हती.

या जुन्या दुःखाची आठवण मोटारीच्या संदर्भात काढण्याचे कारण आहे. स्वतंत्र भारतात एखाद्याची मोडकी गाडी नोंदणीतून काढून टाकावयाची असली तरी सरकारला प्रथम त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. राणीला जे मिळाले नाही ते आज स्कूटरच्या मालकाला कायद्याने मिळते. कायदा म्हणजे केवळ खेटे आणि अर्ज असे ज्यांना वाटते त्यांनी १८५६ चे तंजावर आठवावे.

सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटार वाहनांचा कायदा प्रथम १९१४ साली झाला. त्यानंतर १९३९ चा कायदा आला. आणि सध्या चालू असलेला कायदा १९८८ चा, १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेला. या कायद्यांच्या दृष्टीने प्रत्येक मोटारीला दोन देह असतात. एक लोखंडाचा, जो रस्त्यावर धावतो. दुसरा कागदाचा, जो परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीत असतो. तंजावरच्या गाड्यांवर ‘टी.एन. ४९’ ही अक्षरे दिसतात, ती या दुसऱ्या देहाची खूण. लोखंडी देह भंगारवाल्याच्या हातोड्याने संपतो. कागदी देह त्या हातोड्याला दाद देत नाही. तो नोंद रद्द झाल्यावाचून संपत नाही.

हे न कळल्यामुळे काय घडते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात आहे. एका गृहस्थाने २००७ साली आपली मोटार विकली. ती पुढे आणखी हातांत गेली, पण नोंदवहीत पहिल्याचेच नाव राहिले. २००९ साली त्या गाडीने अपघात होऊन एक मुलगा दगावला. गाडी आपल्या ताब्यात नव्हती, आपण ती केव्हाच विकली होती, असे पहिल्या मालकाचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की, कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ज्याच्या नावे नोंद तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. मृताच्या आईबापांनी गाडीच्या एकामागून एक झालेल्या खरेदीदारांच्या मागे धावत बसावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. जी गोष्ट विक्रीची तीच मोडीची. भंगारवाल्याने गाडी मोडण्याऐवजी रंग देऊन पुन्हा रस्त्यावर आणली, किंवा तिच्या क्रमांकाची पाटी दुसऱ्या चोरीच्या गाडीला लावली, तर पोलीस ज्या दारी येतील ते दार नोंदवहीतल्या नावाचे असेल.

यासाठी १९८८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने मालकावर एक कर्तव्य ठेवले आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि नोंदणीचे प्रमाणपत्र, ज्याला लोक ‘आर.सी. बुक’ म्हणतात, ते परत करावे. मालकाने कळवले नाही, पण गाडी इतकी जीर्ण झाली आहे की रस्त्यावर तिच्यामुळे लोकांना धोका आहे आणि ती दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे, असे अधिकाऱ्याला आढळले, तर तोही नोंद रद्द करू शकतो. मात्र आधी तपासणी करून आणि मालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊन. निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते. अधिकार आहे, पण त्या अधिकाराला कान दिलेले आहेत.

गाडीचे वय झाले म्हणजे ती मोडलीच पाहिजे, हा समज मात्र सर्वत्र खरा नाही. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत चालते. त्यानंतर तपासणीत गाडी सुस्थितीत ठरली तर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. दिल्ली परिसरात हवेच्या प्रदूषणामुळे वयाचे निराळे निर्बंध घातले गेले, ती गोष्ट वेगळी. सरकारने आपल्या स्वतःच्या गाड्यांना मात्र अधिक कडक नियम लावला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पुऱ्या झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी वाढवून मिळत नाही. कचेऱ्यांच्या आवारात कडुनिंबाखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ‘कंडम’ जीपगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या नियमाचे मर्म सांगावयास नको. त्या गाड्यांचे टायर, मग बॅटरी, मग यंत्राचे भाग एकेक करून नाहीसे होतात, आणि लिलावाचा कागद तयार होईतो लिलाव करण्याजोगे फारसे काही उरत नाही. पोलीस ठाण्यांच्या आवारातील जप्त वाहनांची तीच गत. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २००२ रोजी सांगितले की, अशी वाहने ठाण्यांत दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही; छायाचित्रे आणि पंचनामा करून, योग्य हमी घेऊन ती मालकाला परत द्यावीत, आणि कोणी न्यावयास न आल्यास लिलाव करावा.

गाडी मोडीत काढण्याची रीतसर व्यवस्था केंद्र सरकारने २३ सप्टेंबर २०२१ च्या नियमांनी घालून दिली. त्यांनुसार वाहने मोडणाऱ्या केंद्रांना सरकारकडे नोंद करावी लागते. गाडी देशात कोठेही नोंदलेली असो, ती अशा कोणत्याही केंद्रात देता येते. पुण्याला नोंदलेली आणि नोकरीनिमित्त तंजावरला आणलेली गाडी मोडण्यासाठी पुण्याला ओढून नेण्याचे कारण नाही. मालक आपली ओळख आणि मूळ कागद दाखवतो. गाडी चोरीची नाही, तिच्यावर कर्जाचा बोजा नाही, ती एखाद्या गुन्ह्यात अडकलेली नाही, याची खातरजमा केंद्र करते. गाडी जमा होताच मालकाला ‘जमा प्रमाणपत्र’ मिळते. गाडी प्रत्यक्ष मोडल्यावर मोडणीचे प्रमाणपत्र तयार होते आणि नोंदवहीतील नोंद रद्द होते. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक कापून काढला जातो, म्हणजे त्या क्रमांकाने दुसरी गाडी चालवता येऊ नये. जमा प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेतल्यास नोंदणीची फी माफ होते. आणि राज्य सरकारने तशी सवलत लागू केली असल्यास मोटार करात खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत व व्यापारी गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. जुन्याच्या विसर्जनाला नव्याची स्थापना जोडण्याचा हा प्रकार अग्निपुराणाच्या वाचकाला अनोळखी वाटू नये.

द्रव्यानुसार विल्हेवाटीचा दंडकही येथे पुन्हा भेटतो. मोटार वरून लोखंडाची दिसते. पण तिच्या पोटात तेल असते, बॅटरीतले शिसे आणि आम्ल असते, वातानुकूलन यंत्रातला वायू असतो, रबर आणि काच असते. नोंदलेल्या केंद्राला प्रथम ही द्रव्ये निराळी काढावी लागतात आणि मगच सांगाड्यावर हत्यार चालते. चेन्नईच्या पुदुप्पेट बाजारात किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत जुन्या गाड्या सुट्या करणाऱ्या कारागिरांचा हात विलक्षण बसलेला असतो. कोणता भाग पुन्हा उपयोगी पडेल हे ते नजरेने सांगतात. त्या कौशल्याचे मोल कमी नाही. परंतु उघड्या गटारात ओतलेले तेल कोठे जाते याचा हिशेब त्या गल्लीत कोणी ठेवत नाही, आणि कावेरीच्या कालव्यांवर जगणाऱ्या तंजावरसारख्या भातशेतीच्या मुलखाला तो हिशेब ठेवल्यावाचून चालणार नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नव्या पर्यावरण नियमांनी आयुष्य संपलेल्या वाहनांच्या विल्हेवाटीची जबाबदारी मोटार तयार करणाऱ्या कारखानदारांवरही टाकली आहे, आणि मालकाने असे वाहन १८० दिवसांच्या आत योग्य ठिकाणी जमा करावे असे सांगितले आहे.

सामान्य माणसाची अडचण खरी आहे. भंगारवाला दारात येतो, रोख पैसे देतो आणि प्रश्न विचारत नाही. केंद्र दूर असते आणि कागद मागते. म्हणून रीतसर मार्ग जितका जवळचा आणि सोपा होईल तितकेच लोक त्याने जातील, हे राज्यकर्त्यांनी विसरू नये. पण मालकानेही एक ध्यानात ठेवावे. भंगारवाल्याकडून मिळालेले पैसे महिन्याभरात खर्च होतात. नोंदवहीतले नाव तसेच राहते. निदान गाडी देताना पावती घ्यावी, नोंदणीचे कागद त्याच्या स्वाधीन न करता परिवहन कार्यालयात जमा करावेत, आणि नोंद रद्द झाल्याचा लेखी कागद हाती येईपर्यंत प्रकरण मिटले असे समजू नये. विमा कंपनीलाही कळवावे. एवढे केले तर त्या गाडीची सावली पुन्हा दारात येत नाही.

तंजावरच्या मराठी दरबाराने आपले व्यवहार मोडी लिपीत लिहून ठेवले. त्या कागदांची रुमाले आजही तेथे अभ्यासकांची वाट पाहतात. हत्ती गेले, पालख्या गेल्या, जुना रथही गेला. त्यांच्याविषयी आज जे काही सांगता येते ते कोणीतरी नोंद ठेवली म्हणून. वस्तू मोडीत निघते, नोंद मागे राहते. ती नोंद नीट मिटवणे किंवा नीट जपणे, दोन्ही माणसाच्याच हाती असते. राजवीथीवरून नवा रथ जाताना ज्यांनी दोराला हात लावला त्यांना जुन्या रथाची आठवण नव्हती; पण त्याची उणीव शंभर वर्षे त्या शहराला जाणवत राहिली होती. आपल्या दारातल्या जुन्या गाडीचे मागे असे काही ऋण राहू नये, एवढ्यासाठीच तिचे उत्तरकार्य यथासांग करावयाचे.